सहावीच्या वर्गात बोलायची स्पॅनिश: कोणती वाक्यं, कशी, आणि गाडी कुठे अडते? (नागपूर)

तिसरी_घंटा

नागपुरातली शाळा, सहावीचा वर्ग, 45 मुलं. स्पॅनिशचे आठवड्याला दोन तास, प्रत्येकी 40 मिनिटांचे. हातात असलेलं पुस्तक इंग्रजीतून स्पॅनिश शिकवतं: पहिल्या धड्यात वर्णमाला, दुसऱ्यात 'सेर' (असणे) क्रियापदाची रूपं, तिसऱ्यात देशांची नावं. या क्रमाने दिवाळीपर्यंत मुलांना रूपं घडाघडा म्हणता येतात, पण शेजारच्याला पेन्सिल मागता येत नाही.

वर्षअखेरीस अपेक्षा एवढीच आहे: दुकानात वस्तू मागता यावी, वेळ विचारता यावी, रस्ता समजावा, डोकं दुखतंय हे सांगता यावं. कोणती वाक्यं घ्यावीत, कोणत्या क्रमाने, आणि एका तासात किती?

पाटीपेन्सिल

बाजार, हॉटेल, स्टेशन सगळं नंतर. सहावीच्या मुलाला स्पॅनिशची रोज गरज पडेल अशी जागा एकच, तुमचा वर्ग. म्हणून सुरुवात वर्गातल्या वाक्यांनी करा:

प्वेदो इर आल बान्यो? (बाथरूमला जाऊ का?)
मे प्रेस्तास एल लापिस? (पेन्सिल देतोस का जरा?)
नो एन्तियेन्दो. (समजलं नाही.)
मास देस्पासियो, पोर फाबोर. (जरा हळू, प्लीज.)
ओत्रा बेस. (पुन्हा एकदा.)
या तेर्मिने. (झालं माझं.)
कोमो से दीसे ... एन एस्पान्योल? (... ला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात?)

यातलं शेवटचं सगळ्यात मोलाचं. ते एक वाक्य आलं की बाकीचे शब्द मूल स्वतःच तुमच्याकडून काढून घेतं. 'कोमो से दीसे खोडरबर एन एस्पान्योल?' असं अर्धं मराठी वाक्यही चालवून घ्या, उत्तर द्या, 'गोमा', आणि पुढे चला.

ही सात वाक्यं पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर मोठ्या अक्षरात लिहून फळ्याच्या वर लावा. दोन आठवडे पट्ट्या समोर राहू द्या. तिसऱ्या आठवड्यात उलट्या करा, म्हणजे कोरी बाजू पुढे. अडलेल्या मुलाने उठून पट्टी उलटून पाहिली तर पाहू द्या. आणि पहिल्या दिवसापासून नियम ठेवा की या सात गोष्टी वर्गात दुसऱ्या कोणत्याही भाषेत मागायच्या नाहीत. नियम शिक्षकाने एकदा मोडला की मुलं दुसऱ्या दिवशी 'मे आय गो' वर परत येतात.

तुमच्या सूचनाही स्पॅनिशमध्येच द्या, पण रूप बदलत राहू नका. सगळ्या वर्गाला 'आब्रान एल लीब्रो' (पुस्तक उघडा), एकट्या मुलाला 'आब्रे एल लीब्रो' (उघड). स्पेनमधल्या पुस्तकात वर्गाला 'आब्रिद' सापडेल, तेही बरोबरच आहे. दोन्ही मिसळली की मात्र मुलांना ते दोन वेगळे शब्द वाटतात.

एका तासात तीन नवी वाक्यं, चौथं नाही. पहिली 6 मिनिटं जुनी वाक्यं, 8 मिनिटं नवी ऐकणं आणि म्हणणं, 15 मिनिटं जोड्यांत बोलणं, 5 मिनिटं वहीत लिहिणं. शेवटची 4 मिनिटं दारात: प्रत्येक मूल एक वाक्य म्हणून बाहेर पडतं. एका मुलाला 5 सेकंद धरले तरी 45 मुलं पावणेचार मिनिटांत होतात. उरलेली दोन मिनिटं दप्तर काढण्या-भरण्यातच जातात. चौथं वाक्य घेतलं की पहिला घास जातो तो जोड्यांच्या 15 मिनिटांचा, आणि बोलणं खरं तिथेच होतं.

संत्रावाडी

वर्गातली वाक्यं बसली की बाजार घ्या, आणि नागपुरात बाजार संत्र्यापासूनच सुरू व्हायला पाहिजे. फक्त एक चूक टाळा. सगळी पुस्तकं संत्र म्हणजे 'नारान्हा' सांगतात. शब्द मूळचा आपल्याकडचाच, संस्कृत 'नारंग' फारसीत गेला, तिथून अरबीत आणि अरबीतून स्पेनमध्ये. पण आपलं नागपुरी संत्र ढिल्या सालीचं, बोटाने सोलता येणारं. त्याला स्पॅनिशमध्ये 'मांदारीना' म्हणतात. 'नारान्हा' म्हणजे घट्ट सालीचं, आपल्या मोसंबीच्या जातकुळीतलं फळ. दोन्ही फळं टेबलावर ठेवा, पोट्ट्यांना सोलू द्या. फरक कायमचा लक्षात राहतो.

संवाद पाच ओळींचा पुरे:

– बुएनास तार्देस. मे दा उन कीलो दे मांदारीनास, पोर फाबोर? (नमस्कार. एक किलो संत्री देता का, प्लीज?)
– आकी तिएने. आल्गो मास? (हे घ्या. आणखी काही?)
– नादा मास. क्वांतो एस? (बस. किती झाले?)
– दोस सिंक्वेंता. (दोन-पन्नास.)
– ग्रासियास.

'मला पाहिजे' याचं शब्दशः 'क्येरो' होतं. ते चुकीचं नाही, पण मुलं ते जोरात आणि 'पोर फाबोर'शिवाय म्हणतात, मग फर्मान सोडल्यासारखं वाटतं. 'मे दा' म्हणजे 'मला देता का', ते सरळ बसतं. स्पेनमध्ये दुकानात 'मे पोने' जास्त ऐकू येईल. एकच शिकवा, दुसरं फक्त ओळखायला सांगा.

लांब वाक्य सुरुवातीपासून म्हणवलं की मुलं मध्येच हेलपाटतात, कारण शेवटचे शब्द त्यांनी सगळ्यात कमी वेळा म्हटलेले असतात. शेपटाकडून चढा: 'मांदारीनास' – 'दे मांदारीनास' – 'उन कीलो दे मांदारीनास' – 'मे दा उन कीलो दे मांदारीनास'. दर टप्पा दोनदा. शेवट पक्का असला की वाक्य उताराला लागल्यासारखं जातं.

मांडणी: 9 दुकानं, प्रत्येकी 5 मुलं, त्यात 2 विकणारे आणि 3 घेणारे. दर दुकानाला 12 चित्रकार्डं आणि किमतीची एक पाटी. 4 मिनिटांनी भूमिका बदला. किंमत पाटीवर स्पेनसारखी लिहा, म्हणजे 2 आणि 50 यांच्या मध्ये टिंबाऐवजी स्वल्पविराम. विकणाऱ्याची पाटी घेणाऱ्याला दिसता कामा नये. किंमत डोळ्यांना दिसली तर 'क्वांतो एस' कोण कशाला विचारेल?

तिसरी_घंटा

दारातली चार मिनिटं आणि शेपटाकडून चढणं, दोन्ही लगेच करण्यासारखं आहे. आता पुढचा अडथळा. आवडनिवड सांगताना अर्धा वर्ग 'यो गुस्तो मांगो' म्हणतो. दहा वेळा दुरुस्त करूनही पुन्हा तेच.

विभक्ती

ताई, ही चूक इंग्रजीने घातलेली आहे. 'आय लाइक मँगो' समोर ठेवून स्पॅनिश बनवायला सांगितलं की मूल 'आय'च्या जागी 'यो' ठेवतं आणि क्रियापद त्याच्याशी जुळवतं. मराठी समोर ठेवा, समजवायलाच लागणार नाही:

मला आंबा आवडतो. – मे गुस्ता एल मांगो.
मला आंबे आवडतात. – मे गुस्तान लोस मांगोस.

'मे' म्हणजे 'मला'. आवडणारी वस्तू कर्ता, क्रियापद तिच्या मागे चालतं. आपल्या मुलांच्या तोंडात ही रचना बोलायला लागल्यापासून आहे. 'मी आंबा आवडतो' असं मराठीत कोणी म्हणेल का? नाही. मग 'यो गुस्तो'ही नाही. दोनच फरक सांगायचे. स्पॅनिशमध्ये क्रियापद वस्तूच्या आधी येतं. आणि आपण आवडतो-आवडते-आवडतं असं लिंग बदलतो, तिथे फक्त एकवचन-अनेकवचन बदलतं.

दुखणंही याच साच्यात ओता. डोकं दुखतं, 'मे द्वेले ला काबेसा'. डोळे दुखतात, 'मे द्वेलेन लोस ओहोस'. 'माझं डोकं' म्हणायचं म्हणून मुलं 'मी काबेसा' लावतात. तिथे नुसतं 'ला' पुरतं, कारण कोणाचं डोकं ते 'मे'ने आधीच सांगितलेलं असतं.

भूक, तहान, गरमी यांना मात्र 'तेंगो' (माझ्याकडे आहे) लागतं: तेंगो आंब्रे, तेंगो सेद, तेंगो कालोर. मराठीत 'मला भूक लागली' यात भूक हे नाम आहे, विशेषण नाही. स्पॅनिशमध्येही 'आंब्रे' नामच. म्हणून 'एस्तोय'शी (मी आहे) त्याची जोडी जमत नाही. वयही तसंच, 'तेंगो दोसे आन्योस', म्हणजे मला बारा वर्षं आहेत. मे महिन्यातल्या नागपूरसाठी दोन वाक्यं वेगळी ठेवा: बाहेर गरमी आहे तर 'आसे कालोर', मला गरम होतंय तर 'तेंगो कालोर'. 'एस्तोय कालियेंते' शिकवू नका. त्याचा अर्थ वर्गात चालणार नाही असा निघतो, आणि शब्दकोशातून जुळवणारं मूल नेमकं तेच वाक्य तयार करतं.

'सेर' आणि 'एस्तार' ही दोन्ही मराठीत 'आहे'. पुस्तकं सांगतात की कायमचं ते 'सेर', तात्पुरतं ते 'एस्तार'. हा नियम पहिल्याच उदाहरणात मोडतो. नागपूर महाराष्ट्रात कायमचंच आहे, तरी वाक्य 'नागपूर एस्ता एन माहाराश्त्रा' असं होतं. सहावीला एवढं पुरे: वस्तू किंवा माणूस कुठे आहे आणि आत्ता कसा आहे, 'एस्ता'. कोण आहे, कसला आहे, 'एस'.

तू आणि तुम्ही यावर वेळ घालवू नका. 'तू' म्हणजे तू, 'उस्तेद' म्हणजे तुम्ही, हे मराठी मुलाला एका वाक्यात कळतं. फक्त 'उस्तेद'चं क्रियापद 'तो-ती'सारखं चालतं, हे दोन-तीन वाक्यांत दाखवून ठेवा.

बर्डी_ते_बार्सिलोना

वरती सगळ्यांनी स्पॅनिश देवनागरीत लिहिलंय. इथे फोरमवर ठीक आहे. वर्गात करू नका. मुलं तेच वाचत राहतात, खरी लिपी वाचताना पुन्हा अडखळतात, आणि परीक्षेत तर रोमनच येतं.

पाटीपेन्सिल

पहिले दोन आठवडे तरी मी देवनागरीच्याच बाजूने आहे, आणि कारण उच्चाराचं आहे. रोमन 'टी' दिसला की इंग्रजी माध्यमाचं मूल 'टेंगो', 'टोडो' वाचतं. स्पॅनिशमध्ये ट-ड नाहीतच, त-द आहेत. इंग्रजी बोलणाऱ्याला तो 'त' महिनोन्महिने घोटावा लागतो, आपल्या मुलाकडे तो घरचाच आहे. 'प' आणि 'क'चंही तेच, हवेचा झोत न सोडता. 'त' छापलेला दिसला की मूल बरोबर म्हणतं. रोमनमुळे बिघडणाऱ्या आणखी गोष्टी: 'एच' मुका असतो, तरी 'होला' होतं. 'झेड' दिसला की 'झापातो', खरं 'सापातो', कारण स्पॅनिशमध्ये झ नाही. 'रोसा'चं 'रोझा' होतं. 'व्ही' दिसला की व्ह, खरं तिथे ब.

देवनागरीची खोट दुसरीकडे आहे. आपण काना लांबवून वाचतो, स्पॅनिश 'आ' आखूड. आणि आघात देवनागरीत दिसतच नाही. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, म्हणून मुलांचं तिकडे लक्षच जात नाही. 'पापा' पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटलं तर लॅटिन अमेरिकेत बटाटा, दुसऱ्यावर दिला तर बाबा. नियम छोटा आहे: शब्द स्वराने, 'एन'ने किंवा 'एस'ने संपला तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, नाहीतर शेवटच्या. नियम मोडतो तिथे स्वरावर तिरकी रेघ असते. जोराच्या अक्षरावर टाळी, बाकी अक्षरांना बोटाची टिचकी, असं दहा शब्द रोज करा.

तिसऱ्या आठवड्यापासून देवनागरी बंद, इथे तुमच्याशी सहमत. पट्टी उलटायची वेळ तीच आहे.

बर्डी_ते_बार्सिलोना

दोन आठवड्यांची हद्द असेल तर हरकत नाही. एक भर: 'इस्कूल', 'इस्टेशन' असं म्हणणाऱ्या मुलाला आपण हटकतो. स्पॅनिशने तेच केलंय: एस्क्वेला, एस्तासियोन. त्या मुलांना वर्गात हे आवर्जून सांगा.

पावणेचार

वेळ शिकवताना इंग्रजी मध्ये आणूच नका, आपल्याकडे नेमके शब्द आहेत. सव्वातीन: सोन लास त्रेस इ क्वार्तो. साडेतीन: सोन लास त्रेस इ मेदिया. पावणेचार: सोन लास क्वात्रो मेनोस क्वार्तो. शेवटचं म्हणजे अक्षरशः 'चार, पाव कमी', आपल्या पावणेचारसारखंच पुढच्या तासावरून मोजलेलं. लॅटिन अमेरिकेत 'उन क्वार्तो पारा लास क्वात्रो'ही म्हणतात.

घोटाळा 'क्वात्रो' आणि 'क्वार्तो' यांचा होतो. एक चार, दुसरा पाव. त्-र की र्-त, हे फळ्यावर मोठं लिहून दाखवा. एक वाजला असेल तेव्हाच 'एस ला ऊना', बाकी सगळीकडे 'सोन लास'.

आकड्यांत मराठीचा एक अडसर आहे. पस्तीस म्हणताना आपण पाच आधी म्हणतो, तीस नंतर. स्पॅनिशमध्ये तीस आधी, 'त्रेइंता इ सिंको'. त्यामुळे ऐकून लिहिताना 35 चे 53 होतात. उपाय: शिक्षकाने 'त्रेइंता' म्हणून एक सेकंद थांबावं, मुलांनी 3 लिहून टाकावा, मग 'इ सिंको'. आठवडाभर असं केल्यावर थांबा कमी करत न्या. 60 आणि 70, म्हणजे 'सेसेंता' आणि 'सेतेंता', कानाला जवळजवळ सारखे वाटतात. भावाच्या आकड्यांत हे दोन मुद्दाम घाला.

अभिवादनाची वेळही सांगून ठेवा. दुपारच्या जेवणापर्यंत 'बुएनोस दियास', पुढे अंधार पडेपर्यंत 'बुएनास तार्देस'. आपल्या संध्याकाळसाठी वेगळं काही नाही. 'बुएनास नोचेस' भेटतानाही चालतं, निरोप घेतानाही.

डबा_उघडा

जेवणाचा धडा घेणार असाल तर शाकाहारी घरच्या मुलांसाठी एवढं नक्की घ्या. 'सोय बेहेतारियानो' (मी शाकाहारी आहे; मुलगी असेल तर 'बेहेतारियाना') एवढ्यावर काम भागत नाही. स्पेनमध्ये मिश्र सॅलडमध्ये बहुधा ट्युना मासा असतो. म्हणून जोडीला 'सिन' म्हणजे 'शिवाय' शिकवा: सिन कार्ने (मांस), सिन पेस्कादो (मासा), सिन हामोन (हॅम), सिन आतून (ट्युना). 'सिन' हा एकच शब्द मुलांना पुढे खूप ठिकाणी कामी येतो.

'तोर्तिया' स्पेनमध्ये अंडं आणि बटाट्याचं आमलेट, मेक्सिकोत मक्याची किंवा गव्हाची पोळी. अंडं न खाणाऱ्या मुलाला हा फरक माहीत असायलाच हवा. 'पान' म्हणजे पाव, विड्याचं पान नव्हे.

शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर तीन शब्द आहेत: स्पेनमध्ये काकावेते, मेक्सिकोत काकावाते, दक्षिण अमेरिकेत मानी. 'सोय आलेर्हिको' मुलगा म्हणेल, 'आलेर्हिका' मुलगी. पांढरा-पांढरी म्हणणाऱ्यांना हा बदल जड जात नाही. मेज, पुस्तक यांची मराठी लिंगं तिकडे नेतात तिथे मात्र चुका होतात. नपुंसकलिंग तिथे नाहीच, म्हणून शब्द नेहमी 'एल' (पुल्लिंगी) किंवा 'ला' (स्त्रीलिंगी) लावूनच वहीत लिहायला लावा.

झिरो_माईल

रस्ता विचारायला नागपूर मेट्रोचा नकाशा वापरा, तो मुलांच्या ओळखीचा आहे. ऑरेंज लाईन म्हणजे 'लीनेआ नारान्हा' (इथे रंग आहे, म्हणून नारान्हाच), ॲक्वा लाईन आडवी जाते आणि दोन्ही सीताबर्डीला मिळतात. 'के लीनेआ तोमो पारा खापरी?' (खापरीसाठी कोणती लाईन घेऊ?) 'ला नारान्हा. काम्बिए एन सीताबर्डी.' (सीताबर्डीला बदला.) दोघांत एकच नकाशा. एकाने चढायचं स्टेशन मनात धरायचं, दुसऱ्याने विचारून शोधायचं.

'घेणे' यासाठी सगळीकडे 'तोमार' शिकवा. स्पेनमध्ये बस 'कोहेर' करतात, पण मेक्सिको आणि अर्जेंटिनात तो शब्द अश्लील आहे.

आणि सगळ्यात जास्त चुकवणारी जोडी: 'तोदो देरेचो' म्हणजे सरळ, 'आ ला देरेचा' म्हणजे उजवीकडे. फरक फक्त शेवटच्या स्वराचा. स्पेनमध्ये सरळसाठी 'तोदो रेक्तो' चालतं, तेच घ्या, गोंधळ मुळातूनच टळतो. बाकांच्या मधल्या वाटेवर एका मुलाचे डोळे रुमालाने बांधा आणि दुसऱ्याला चालवू द्या: तोदो रेक्तो, आ ला देरेचा, आ ला इस्क्येर्दा (डावीकडे), पारे (थांबा). चुकीचा स्वर निघाला की मूल बाकाला धडकतं, म्हणून चाल हळू ठेवा आणि दप्तरं वाटेतून उचलून घ्या.

तिसरी_घंटा

तोंडी परीक्षेचं कसं? 45 मुलांना प्रत्येकी 2 मिनिटं दिली तरी 90 मिनिटं होतात, म्हणजे आपले दोन तासही पुरत नाहीत आणि बाकी वर्ग रिकामा.

पाटीपेन्सिल

एका दिवसात घेऊच नका. वर्ग लिहीत असताना दर तासाला 5 मुलं तुमच्या टेबलाशी, म्हणजे 9 तासांत सगळा वर्ग. साडेचार आठवडे लागतात, म्हणून सत्र संपायच्या सहा आठवडे आधी सुरू करा. चिठ्ठीवर मराठीत प्रसंग: 'अर्धा किलो टोमॅटो हवेत, भाव विचार.' स्पॅनिश वाक्य चिठ्ठीवर नको, नाहीतर ती वाचनाची परीक्षा होते. 10 पैकी गुण: समोरच्याला अर्थ पोचला 4, न अडखळता उत्तर 3, उच्चार 2, 'पोर फाबोर-ग्रासियास' 1. अर्थ पोचूनही लिंग चुकलं तर गुण कापू नका. ते वहीत दुरुस्त करा.

पुढे बाहेरची परीक्षा द्यायची असेल तर इन्स्तितूतो सेर्वान्तेस या स्पेनच्या सरकारी भाषासंस्थेच्या 'देले' या प्रमाणपत्र परीक्षेत शाळकरी मुलांसाठी वेगळे स्तर आहेत: एक ए-1 चा, दुसरा ए-2 आणि बी-1 एकत्र. सेर्वान्तेसचं केंद्र नवी दिल्लीत आहे. उच्चार स्पेनचा असो वा मेक्सिकोचा, तिथे चालतो. म्हणजे 'ग्रासियास'मधला 'स' बदलायच्या भानगडीत पडू नका.

तिसरी_घंटा

शेवटचं एक. पट्ट्या छापायच्या आहेत. उलटं प्रश्नचिन्ह आणि 'आन्योस'मधलं नागमोडी रेघेचं अक्षर साध्या कीबोर्डवर सापडत नाही. ती रेघ सोडली तर चालेल का?

पावणेचार

अजिबात चालणार नाही. रेघ सोडली की 'आन्योस'चं 'आनोस' होतं. 'आन्यो' म्हणजे वर्ष आणि 'आनो' म्हणजे गुदद्वार, आणि तुमची मुलं हे वाक्य स्वतःचं वय सांगायला वापरणार आहेत. विंडोजवर ऑल्ट दाबून ठेवून उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवर 164 टाइप करा, ते अक्षर येतं. उलटं प्रश्नचिन्ह 168, उलटं उद्गारचिन्ह 173. तिरक्या रेघेचे स्वर: आ 160, ए 130, इ 161, ओ 162, उ 163. लॅपटॉपला वेगळं पॅड नसेल तर फोनवर 'एन' दाबून धरा, वर पर्याय उघडतो. तिथे टाइप करून स्वतःला मेल करा आणि तिथूनच छापा. छापण्याआधी वयाची पट्टी एकदा डोळ्यांखालून घाला.